मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील जिव्हाळा

हिंगोलीहून नर्सीला जायला फारसा वेळ लागत नाही. कयाधू नदीच्या काठचे हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले आहे आणि म्हणूनच लोक त्याला नर्सी नामदेव म्हणतात. काही दिवसांपूर्वी महाविद्यालयातील मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. देवळाच्या ओट्यावर बसून लहानग्या नामदेवाची गोष्ट निघाली. ती तुम्हांलाही ठाऊक आहेच. वडील परगावी गेलेले, नैवेद्य दाखवायचे काम पोरावर आलेले. देव जेवत नाही म्हणून पोर रडते, विनवते, शेवटी डोके आपटून घ्यायला निघते. आणि मग विठोबाला जेवावेच लागते. गोष्ट संपली तेव्हा एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्याकडे देवाशी असं भांडता येतं का? आम्हांला तर प्रार्थना पाठ करायला लावलेली आठवते.”

मी त्याला तेव्हा दोन शब्दांत उत्तर दिले. पण उत्तर अपुरे होते हे माझे मलाच कळत होते. त्याचा प्रश्न मोठा होता. पाठ केलेल्या शब्दांकडून जिवंत बोलण्याकडे माणूस कसा जातो, आणि ही वाट आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी कशी काढली, हा एका अर्थाने इतिहासाचाच प्रश्न आहे. तेच उत्तर आज सविस्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की प्रार्थना ही शिकावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्यच त्याला म्हणतात, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. हे शिष्य काही धर्म न जाणणारे नव्हते. लहानपणापासून सभास्थानात जाणारी, स्तोत्रे ऐकत वाढलेली ही यहुदी मंडळी. तरीही आपले गुरू पहाटे एकटेच डोंगरावर जाऊन जे काही करतात ते आपल्याला येत नाही, एवढे त्यांना उमगले होते. येशूने त्यांना शिकवलेली प्रार्थना अगदी लहान आहे. तिची सुरुवात होते ती देवाला बाप म्हणून हाक मारण्यापासून. येशू स्वतः देवाला ‘अब्बा’ म्हणत असे. हा अरामी भाषेतला शब्द आहे, आणि घरात मूल बापाला ज्या शब्दाने हाक मारी तोच हा शब्द. आपल्याकडच्या ‘आबा’शी त्याचे भाषाशास्त्रीय नाते काही नाही; पण मराठी कानाला तो परका वाटत नाही, हेही खरे.

आणि भांडण्याचे म्हणाल, तर त्याची सोय बायबलात भरपूर आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत; त्यांतली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. देवा, किती दिवस मला विसरणार, तोंड का लपवतोस, असा त्यांचा सूर आहे. ईयोब तर देवाला सरळ जाब विचारतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशू हा प्याला टळू दे म्हणून विनवतो, आणि मगच बापाच्या इच्छेपुढे मान तुकवतो. तेव्हा नर्सीच्या पोराचे रडणे ख्रिस्ती माणसाला परके वाटण्याचे कारण नाही.

मग ही ओळख हरवते कुठे? ती हरवते सवयीत. प्रत्येक धर्मात असे घडते. शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, ओठ हलतात आणि मन बाजारात फिरून येते. युरोपातही प्रत्येक काळात कुणाला तरी ही वाट पुन्हा काढावी लागली. चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या हिप्पो गावच्या ऑगस्टीनने आपले आत्मचरित्र लिहिले; ते सारेच्या सारे देवाला उद्देशून लिहिलेले आहे, वाचक आपला शेजारी बसून ऐकतो आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील तेरेसा या जोगिणीने प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात केलेले हितगूज, असे सांगितले. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा आचारी होता. भांडीकुंडी घासताना आणि रस्सा ढवळताना देव जवळ असतो, चर्चमध्ये असतो तितकाच असतो, असा त्याचा अनुभव. हे वाचताना आपल्याला आपल्या गंगाखेडची जनाबाई आठवल्यावाचून राहते का? तिच्या जात्याला हात लावायला तिचा विठोबा येत होताच की!

आता मराठी मुलखाकडे येऊ. मराठीत ख्रिस्ती भक्ती प्रथम मोठ्या प्रमाणावर बोलू लागली ती गोव्यात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. परदेशातून आलेल्या माणसाला आपली भाषा इतकी आवडावी आणि तिच्यात त्याने ओवी रचावी, याचे आजही नवल वाटते. पण गोव्याबाहेरच्या मराठी मुलखात हा प्रवाह पसरला नाही. तेथे काम सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये बाहेर पडला. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री मुंबईला उतरले. पुढे १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ पत्र निघू लागले. आपल्या मराठवाड्यात जालन्याजवळ रे. नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली.

शाळा झाल्या, छापखाने झाले, देवळे झाली. पण एक अडचण राहिली. भाषांतरित प्रार्थना आणि इंग्रजी चालींवर बसवलेली गीते मराठी जिभेवर नीट रुळेनात. ‘पाद्री मराठी’ असा शब्दच त्या काळी रूढ झाला होता. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर. पण आईशी बोलताना माणूस ज्या भाषेत बोलतो ती ही भाषा नव्हे. हे काही मिशनऱ्यांच्या लक्षात आले नाही असे नाही. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तने सुरू केली, ती यातूनच. तरीही बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला देवाशी काय बोलावे हे सांगणारे खूप होते, कसे बोलावे हे दाखवणारे थोडे होते.

ही अडचण किती खोल असते हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थे हिंडत, पुराणे सांगत त्या वाढल्या. हजारो श्लोक मुखोद्गत. पाठांतराची त्यांना काय वाण! पण दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तेथल्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो धर्मसिद्धांतांच्या वादाने भरलेला आहे. बुद्धी इतकी तल्लख की कुणाचेही म्हणणे तपासल्यावाचून मान्य करायचे नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईला शारदासदन काढले, नंतर ते पुण्यास आणले.

आणि एवढे सगळे झाल्यावर, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त काही सापडलेला नाही. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली तीत हे त्या मोकळेपणाने सांगतात. विचार करा, केवढी ही कबुली! ज्या धर्मासाठी स्वकीयांचा रोष पत्करला, पुण्यासारख्या शहरात टीकेचे आसूड सोसले, त्या धर्मात आठ वर्षे राहून आपण अजून उंबऱ्यातच उभे आहोत असे म्हणायला धैर्य लागते. त्यानंतर रमाबाईंची प्रार्थना बदलली. तिच्यात वाद राहिला नाही, विसंबणे आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. त्याचा रोजचा खर्च त्या प्रार्थनेवर भरवसा ठेवून चालवीत.

त्या मुली कोण होत्या? बहुतेक निरक्षर, उपासमारीतून आलेल्या, कुणी विधवा, कुणी टाकलेल्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी त्यांच्यात एक प्रार्थनामंडळ सुरू केले. सत्तर-एक मुलींनी सुरुवात केली; जूनपर्यंत साडेपाचशे मुली दिवसातून दोनदा जमू लागल्या. प्रत्येकीने आपल्या शब्दांत, मोठ्याने, एकाच वेळी बोलावे असा तो प्रकार. बाहेरच्या पाहुण्यांना त्याचा गोंगाट वाटला. पण ज्या मुलींना जन्मात कुणी ‘तुला काय हवं?’ असे विचारले नव्हते, त्यांना प्रथमच आपले गाऱ्हाणे ऐकणारे कुणी भेटले होते, हे विसरून चालणार नाही. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस सारे बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणले. कमी शिकलेल्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी मुद्दाम साधी बोली निवडली. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तिसदनातच छापून निघाला, आणि त्याचे खिळे जुळवणारे हातही तेथल्या मुलींचेच.

रमाबाईंनी अनुभव दिला, भाषा सोपी केली. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी गाणारी प्रार्थना घातली ती नारायण वामन टिळकांनी. त्यांच्याकडे जरा सावकाश पाहू.

टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी चित्पावन घराण्यात जन्मले. वडील कडक, आई जानकीबाई मृदू आणि भाविक. आई लवकर गेली आणि पोर घर सोडून नाशिकला आले. पुढे संस्कृत शिकले, कविता करू लागले, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. एका गावी मन रमेना, असा स्वभाव. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटला. काव्यशास्त्राच्या गप्पा झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना तेव्हा ते हास्यास्पद वाटले असेल. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत काय पडली? घर गेले, जात गेली, आणि पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन दूर झाल्या. सुमारे पाच वर्षे हा विरह चालला. लक्ष्मीबाई त्यांतला काही काळ पंढरपुरात नातलगांकडे होत्या. इकडे हा नगरला, तिकडे ती विठोबाच्या गावी. मध्ये पत्रे आणि कविता. टिळकांच्या प्रार्थनेला धार आली ती या वर्षांत असे मला वाटते. एकाकी माणसाला सिद्धांत पुरत नाही. त्याला कुणीतरी लागते.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट घडली. जुने सगळे सोडून आलेला हा माणूस बोलायला लागला तेव्हा त्याच्या तोंडी जुनीच भाषा आली, संतांची. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. हे बोलणे कवीचा अलंकार म्हणून सोडून देऊ नका. पुलाचे दोन्ही तीर पक्के असावे लागतात. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतले. आणि या साऱ्यांहून मोलाची एक चीज घेतली, ती म्हणजे संतांचे ‘तू’. इंग्रजीत देवाला उद्देशून येणारा एकवचनी शब्द बोलण्यातून गेल्यामुळे गंभीर आणि दूरचा झाला होता. मराठीत तसे नाही. आपण देवाला ‘तू’ म्हणतो आणि आईलाही ‘तू’च म्हणतो, वडिलांना मात्र पुष्कळ घरांत ‘तुम्ही’ असते. नामदेवाने, जनाबाईने, तुकोबांनी ज्या ‘तू’ने विठोबाला हाका मारल्या, लाडीगोडी केली, शिव्याही घातल्या, तो ‘तू’ टिळकांनी ख्रिस्ताला लावला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, सद्गुरू होतो, सखा होतो. ज्याची आई लहानपणीच गेली त्याने देवात आई शोधावी, यात नवल नाही. पण ती शोधायला लागणारी भाषा त्याला आयती मिळाली ती नर्सीपासून देहूपर्यंतच्या पुण्याईने.

त्यांची शेकडो गीते मराठी चर्चांतून गायली गेली आणि आजही ‘उपासना संगीता’तून गायली जातात. टाळ, मृदंग आणि पेटी घेऊन खेड्यापाड्यांतली ख्रिस्ती मंडळी ती म्हणतात. ज्यांनी टिळकांचे चरित्र कधी वाचले नाही, त्यांनाही ती आपली वाटतात. पाद्री मराठीची गाठ अशी सुटली.

टिळकांचे बाहेरचे जीवन म्हटले तर सुरळीत चालले होते. शिकवणे, ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादन, काव्यलेखन. तरी बाप्तिस्म्याला वीसहून अधिक वर्षे झाल्यावर त्यांनाही वाटले की अजून काहीतरी राहिले आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळेच शिष्य तेथे भाऊ म्हणून एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. अनेकांना ती पटली नाही. तब्येतही साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. दरबार टिकला नाही. पण त्यामागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. देवाशी खरे नाते जडले की ते आपल्यापुरते कोंडून ठेवता येत नाही, असा तो विचार. येशूने शिकवलेली प्रार्थना ‘माझ्या बापा’ने सुरू होत नाही, ‘आमच्या’ने सुरू होते, आणि तिच्यात क्षमा मागताना दुसऱ्याला क्षमा केल्याची अट आहे. नामदेवाचा विठोबाही एकट्या नामदेवाचा नव्हता. चोखोबा, गोरोबा, सावतोबा, जनाबाई असा सारा मेळा त्याच्याभोवती होता.

लक्ष्मीबाईंचे शिकणे मला सर्वांत जास्त भावते, कारण ते आपल्यासारख्या साध्या माणसाचे आहे. त्या परत नवऱ्याकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसार करण्यासाठी. सोवळेओवळे सांभाळीत, स्वयंपाक वेगळा करीत राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू एकेक गाठ त्यांनी आपल्या विचाराने सोडली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचे शिक्षण बेताचे. लिहावाचायला त्या नवऱ्याकडूनच शिकल्या. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचली असतील तर त्यांचा विनोद आठवेल. त्यांचा देवही त्या विनोदाला वगळून नाही. स्वयंपाकघरात जसे बोलायचे तसेच देवाशी बोलायचे, इतका साधा मामला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते, त्याचे अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. कधीकाळी ज्या नावाने घर मोडले, त्याच नावाचे चरित्र त्या उतारवयात ओवी-ओवीने गात बसल्या. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता या तिघांकडे एकत्र पाहा. एकालाही प्रार्थना बाप्तिस्म्याबरोबर आयती मिळाली नाही. रमाबाईंना आठ वर्षे लागली, टिळक वीस वर्षांनंतरही शिकतच होते, लक्ष्मीबाईंनी तर उलट्या बाजूने, संसाराच्या वाटेने प्रवेश केला. तिघांनाही दुःखातून जावे लागले. आणि तिघांनीही आपल्या तोंडची भाषा देवापुढे नेली. नाते म्हटले की हेच आले. नात्यात रोज नवे शब्द सुचत नाहीत, कधी कधी तर बोलायलाच काही नसते. म्हणून पाठ केलेली प्रार्थना टाकून द्यावी असे मुळीच नाही. मूल आधी ऐकलेले शब्दच उच्चारते. ते कुणाला उद्देशून आहेत हे त्याला मागाहून कळते. वारकरी हरिपाठ रोज तोच म्हणतो. कुणाला वाटेल हे पाठांतर. पण ज्याला समोर कुणी ऐकतो आहे असे एकदा जाणवले, त्याला तेच शब्द शिळे लागत नाहीत.

तर माझ्या त्या विद्यार्थ्याला मी आता असे सांगेन: बाबा रे, भांडता येते, रुसता येते, गप्पही बसता येते. तुझ्या पाठ केलेल्या प्रार्थनेत पहिलाच शब्द हाकेचा आहे. तेवढा एक शब्द घाई न करता म्हण. तुझ्या आजीने जात्यावर जी मराठी म्हटली असेल त्याच मराठीत पुढचे बोल. नर्सीच्या त्या पोराने देवापुढे ताट ठेवले आणि तो जेवेपर्यंत उठले नाही. टिळक आणि रमाबाई काही निराळे करीत नव्हते. समोर कुणी आहे असे धरून तेही बसून राहिले.

परतताना कयाधूच्या पुलावर गाडी जरा थांबली होती. नदीला पाणी थोडेच होते. तो मुलगा खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होता. काय ते मी विचारले नाही. ते बोलणे माझ्याशी नव्हते.